यशोधराताई आणि झाकून ठेवलेलं ताट

गौरव समितीची मंडळी लेख मागायला घरी आली तेव्हा मी आधी हसलोच. मी कर्जत-नेरळ आणि कर्जत-खोपोली रस्त्यावर जन्मभर मिनिडोर, म्हणजे तीनचाकी सवारी गाडी, चालवलेला माणूस. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन स्टँडवर नंबर लागेपर्यंत, भज्यांच्या कागदापासून सुरू होऊन वर्तमानपत्रापर्यंत गेलेलं. या गौरवग्रंथात न्यायाधीश लिहिणार, प्राध्यापक लिहिणार, त्यांच्यात माझं काय काम? पण ॲडव्होकेट यशोधराताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि त्यांना पक्षकारांच्या घरोघर नेलं ते माझ्याच मिनिडोरनं. तिथं जे पाहिलं ते मी लिहिलं नाही तर दुसरं कोण लिहिणार, असा विचार करून बसलो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ताईंची पहिली भेट कर्जतच्या कोर्टासमोर झाली. उन्हाळ्याचे दिवस होते. काळा कोट घडी करून हातावर टाकलेल्या एक बाई पायरीवर एका रडणाऱ्या पोरीशेजारी बसल्या होत्या आणि तिला विचारत होत्या, बाळाने काल काय खाल्लं, दूध कुणाकडून घेतेस, त्याच्या चपला शेवटच्या कधी घेतल्या. मला वाटलं सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई असाव्यात. मी पुढे झालो आणि आमच्या घरच्यांच्या गुडघेदुखीचं गाऱ्हाणं सांगायला लागलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मी वकील आहे. पण गरम पाण्याचा शेक द्या, त्याला माझी हरकत नाही."

त्याच दिवशी त्या माझ्या गाडीत बसल्या, त्या पोरीच्या सासरी जायला. तेव्हापासून ताईंचं खेड्यातलं काम आणि माझी गाडी यांची गाठ पडली ती पडलीच.

ताईंचं बरंचसं काम मुलांच्या पोटगीचं. नवरा-बायको वेगळे झाले की मुलाचा खर्च कुणी, किती द्यायचा? मला वाटायचं, सरकारचं एखादं कोष्टक असेल, अमुक पगाराला अमुक रक्कम. ताईंनी गाडीत पुढच्या सीटवर बसून मला समजावलं, की असा ठरलेला भाव नसतो. बापाच्या हातात खरोखर काय पडतं ते आधी पाहायचं. सक्तीनं कापलं जाणारं वजा करायचं, त्याच्यावर विसंबलेले म्हातारे आईबाप असतील तर त्यांचं पाहायचं. आई काय कमावते तेही मांडायचं. मग मूल आधी कसं राहत होतं आणि आता त्याच्या शाळेला, औषधाला, कपड्यांना, डोक्यावरच्या छपराला काय लागतं ते पाहायचं. दोघांनी आपापली मिळकत शपथेवर लिहून द्यायची आणि मग न्यायाधीश आकडा ठरवतात. स्वतःच्या हौसेच्या मोटरसायकलचे हप्ते मात्र पोराच्या ताटातून कापायचे नसतात, एवढं त्या ठासून सांगायच्या.

"आणि मिळकत लपवली तर?" मी विचारलं होतं.

"म्हणून तर मी घरी जाते, बाळारामभाऊ. पाणी मागते. मिळकत कपाटात ठेवता येते, राहणी उघड्यावरच असते."

हिशेबात त्या कुणाची भीड धरायच्या नाहीत, स्वतःच्या पक्षकाराचीही नाही. नेरळकडची एक बाई शिवणकाम करायची. ते कोर्टाला सांगू नका म्हणून हट्टाला पेटली. ताईंनी पेन खाली ठेवलं. मूल दोघांचं आहे तर हिशेबही दोघांचा, म्हणाल्या. बाई रागानं निघून गेली आणि दुपारी तोंड पाडून परत आली. शिवणकामाचे पैसे कागदावर आले. ते पाहून पलीकडे उभा असलेला तिचा नवरा आपल्या वकिलाच्या कानाशी लागला. त्यानं गाळलेला ओव्हरटाइम त्यानंच लिहायला लावला. ताईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि किंचित हसल्या. तेवढंच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती सांगतो. काही वर्षांमागची आहे. माणसं अजून इथंच नांदत आहेत, म्हणून नावं बदलली आहेत आणि सासरचं गाव खालापूरच्या अंगाला एवढंच लिहितो.

सुरेखा नावाची मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन पळसदरीला आईकडे राहत होती. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या एका बंगल्यात स्वयंपाक करायची. तिची लेक ऋतुजा तिसरीत. नवरा प्रदीप टेंपोवर वाळू-विटा टाकायचा, चांगला कमवायचा, पण लेकीसाठी एक पैसा देत नव्हता. ताईंनी ऋतुजाच्या पोटगीचा अर्ज टाकला. कोर्टाची नोटीस परत आली. वर शेरा होता, इसम मयत.

चौकशी केली तेव्हा सासरच्यांनी सांगितलं, पावसात नदी उतरताना प्रदीप वाहून गेला. अंग गावलं नाही. आमच्याकडे असा माणूस गेला की पळसाच्या पानांचा माणूसभर पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढचं सगळं रीतसर करतात. तसं त्यांनी केलं होतं. गाव तेराव्याला जेवून गेलं होतं. सुरेखाला कुणी कळवलंही नव्हतं. तिनं हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या आणि कामाला गेली, बंगल्यावर पाहुणे होते म्हणून.

इथवर दुःखच होतं. पण ऋतुजा म्हणायला लागली, बाबा मेले नाहीत, मला दिसतात.

आम्ही पळसदरीला गेलो ते भर दुपारी. धरणाच्या वरच्या अंगाला बंद बंगल्यांची रांग आहे. आठवडाभर तिथं माणूस नसतं. पडदे ओढलेले, एखाद्या अंगणातला झोपाळा वाऱ्यानं आपला आपण हलत असतो. त्या रांगेच्या टोकाला पाण्याची सिमेंटची टाकी. तारेच्या कुंपणाला दोन्ही हातांनी धरून ऋतुजा त्या टाकीकडे बघत उभी होती. आम्ही हाक मारली तरी वळली नाही. तिची आजी दारातून बाहेर आली. भगताकडून आणलेला काळा दोरा पोरीच्या गळ्यात होता.

"वकीलबाय, पोरीला लागिर झालंय," आजी म्हणाली. "बापाचा जीव पान्यात अडाकलाय. अंग गावलं नाय ना. आता पोरीला बोलवतंय."

"ते बोलवत नाय," ऋतुजा कुंपणाकडूनच म्हणाली. "नुसते बगतात."

पोरीच्या आवाजात भीती असती तर बरं वाटलं असतं. ती नव्हती. पोरगी पार वाळली होती. जेवण समोर ठेवलं की अर्धं ताट सारून बाहेर कुंपणाशी जायची. भगतानं सांगितलं होतं, पोरीला दिवस उतरताना धरणाच्या पाण्यात कमरेइतकं उभं करायचं आणि तिच्या हातून भाताचा गोळा सोडायचा, मग बाप तिचा पिच्छा सोडेल. आजी येत्या अमावस्येला ते करणार होती. सुरेखाला हो म्हणवेना, पोरीला पाण्यात घालायची भीती. भाताच्या गोळ्याला नको म्हणावं तर पोर हातची जाते की काय, अशी तिची कोंडी झाली होती.

ताई कुंपणापाशी गेल्या. पोरीशेजारी उभं राहून त्याही टाकीकडे बघायला लागल्या. बऱ्याच वेळानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कपडे कसे असतात गं बाबांचे?"

"दर टायमाला येगळे. काल निळा शर्ट होता."

परत येताना घाटाकडून मालगाडी जाईपर्यंत आम्ही रेल्वेच्या फाटकाशी थांबलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळारामभाऊ, भूत कपडे बदलतं का हो?"

मी म्हटलं, "ताई, दुपारच्या वक्ताला असलं नका इचारू."

सर्वपित्री अमावस्येला मला प्रदीपच्या गावी घेऊन चला, म्हणाल्या. त्या दिवशी घरातली सगळी माणसं घरात असतात. मी कां कू केलं. ताईंचं घर बौद्ध. आजोबांपासून त्यांच्यात पितरांना पान वाढत नाहीत. त्यांना त्या दिवसाचं काही वाटायचं नाही, पण मला वाटतं. आजीला मात्र त्यांनी बजावलं होतं, मी परत येईपर्यंत पोरीला पाण्याकडे न्यायचं नाही. आजी म्हणाली, "दिवस उतराच्या आत या. नायतर मी नेनार." तेवढ्या वेळात काय ते व्हायचं होतं.

भात पोटरीला आलं होतं. गावात शिरलो तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. प्रत्येक घरातून वड्यांचा आणि खिरीचा वास येत होता, आणि एकाही घरातून बोलण्याचा आवाज नव्हता. कौलांवर केळीची पानं वाढून ठेवलेली. एरवी कावळ्यांची झुंबड असते. त्या दिवशी कावळे समोरच्या आंब्यावर ओळीनं बसून होते, खाली उतरत नव्हते.

घरात म्हातारी एकटीच पुढे आली. म्हातारा ओटीवर पाठ करून बसलेला. समोरच्या भिंतीवर प्रदीपचा मोठा फोटो, ताज्या झेंडूचा हार, खाली समई. फोटोतला चेहरा हसरा. लग्नातलाच कापून मोठा केलेला होता. बाजूच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो मनगटापर्यंतच फोटोत राहिला होता. तो हात सुरेखाचा. त्यात हिरव्या बांगड्या होत्या.

ताईंनी पाणी मागितलं. म्हातारीनं आणलं. ताई घोट घोट पीत घरभर शांतपणे बघत होत्या. कौलावर पानं कुणाकुणाची, असं त्यांनी विचारलं. म्हातारी सांगायला लागली, हे सासऱ्यांचं, हे सासूचं, हे धाकटेपणी गेलेल्या दिराचं. तिथं ती थांबली.

"आणि प्रदीपचं, आई?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. ओटीवरच्या म्हाताऱ्यानं खाकरून दम दिल्यासारखं केलं. पण ती बोललीच. "त्याचं नाय वाढलं. हात होईना."

माझी नजर ताईंच्या नजरेमागून आतल्या खोलीकडे गेली. उजेड नव्हता. चुलीजवळच्या फळीवर एक स्टीलचं ताट ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं. कडेनं अजून बारीक वाफ निघत होती.

ते ताट मी जन्मभर पाहिलं आहे. दुसऱ्या पाळीहून यायला उशीर झाला की माझ्या आईनं माझ्या भावासाठी ठेवलेलं, माझ्या बायकोनं माझ्यासाठी ठेवलेलं. गेलेल्याला आपण पान वाढतो. ताट झाकून ठेवतो ते यायचं असलेल्या माणसासाठी. त्या घरानं पुतळा जाळला, तेरावं घातलं, फोटोला हार घातला, सगळं निगुतीनं केलं. पण आईला लेकाचं जेवण निवू देववलं नाही. आणि मला सांगायला हरकत नाही, की उलगडा झाल्यावर माझी भीती गेली नाही, वाढली. मेलेला माणूस कुठं तरी जवळच होता, आणि भुकेला होता.

ताईंनी आवाज चढवला नाही. फुलपात्र खाली ठेवून म्हणाल्या, "आई, त्याला जेवू द्या. त्याच्या तोंडचा घास काढायला मी आलेली नाही. मला फक्त त्याच्या पोरीचं ताट पाहिजे. ती तिकडे कुंपणाला धरून उभी असते. आज दिवस उतरताना तिला पाण्यात उभं करणार आहेत, त्याच्या नावानं भाताचा गोळा सोडायला. जिवंत बापाचा गोळा पोरीच्या हातून सुटू द्यायचा का, ते तुम्ही ठरवा."

म्हातारीनं तोंडावरचा पदर काढला. "पान्यात?" एवढंच म्हणाली. मग मागच्या दाराकडे तोंड करून, ज्या आवाजात आई शेतातल्या माणसाला हाक मारते त्या आवाजात तिनं हाक मारली, "परदीप, ये रं भाईर. पोरीला पान्यात उभी करतायत."

मागच्या पडवीत काही तरी हललं. पावलं वाजली. दारात जो माणूस येऊन उभा राहिला तो आणि भिंतीवरचा, दोघं एका वेळी दिसत होते. मी हात जोडले ते कुणाला, मला सांगता यायचं नाही. त्याच्या अंगात निळा शर्ट होता.

दिवस उतरायच्या आत आम्ही पळसदरीला पोचलो. तो मागच्या सीटवर बसला होता. मी सगळा रस्ता आरशात बघितलं नाही.

तो त्या बंगल्यांच्या रांगेतच राहत होता, रखवालदाराच्या खोलीत; सर्वपित्रीला तेवढा आईकडे जेवायला गेला होता. पोटगी चुकवायला मेला खरा, पण लेकीवाचून राहवेना, म्हणून टाकीआडून तिला बघायचा आणि तिनं पाहिलं की मागे सरायचा. ऋतुजा त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मी सांगतच होते." आणि आत जाऊन आजीला म्हणाली, मला वाढ.

कोर्टात शिपायानं त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याच्या गावची काही माणसं आवारात होती. तेराव्याला जेवलेली. तो चालायला लागला तशी ती बाजूला सरत गेली, त्याची सावली अंगावर पडू नये म्हणून. न्यायाधीशांनी त्याची कडक हजेरी घेतली. त्यानं शपथेवर लिहिलं, मला काही मिळकत नाही, टेंपो भावाच्या नावावर आहे. ताई म्हणाल्या, या माणसाला जाळल्यानंतरही याचा टेंपो रोज माल टाकतो आहे. असा टेंपो चालवणाऱ्या, असं काम येणाऱ्या माणसाला या भागात काय मिळतं ते धरा. मग सुरेखाचा बंगल्यावरचा पगार त्यांनी आपण होऊन सांगितला. मुलीची शाळा, रिक्षा, दूध, सगळं एकेक करून ठेवलं. आणि शेवटी जे केलं ते सांगण्यासाठीच मी एवढं लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, आकडा धरण्याआधी याच्या आईची औषधं वजा करा, म्हातारी याच्यावरच आहे. जिनं त्यांना फसवायला फोटोला हार घातला होता, तिच्या गोळ्या ताईंनी आधी बाजूला काढून ठेवल्या. उरलेल्यातून ऋतुजाचा वाटा ठरला, आणि तो अर्ज टाकला त्या दिवसापासून द्यायचा असा हुकूम झाला.

एक गोष्ट मात्र मी ताईंना विचारल्याशिवाय लिहिली नसती. सुनावणीच्या त्याच दुपारी, प्रदीप कर्जतला आमच्यासमोर उभा असताना, ऋतुजा पळसदरीच्या कुंपणाशी होती. संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, बाबा आजपण टाकीजवळ होते. पण आज त्यांचे कपडे पानांचे होते. पुतळ्याचं तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. सुरेखा शपथेवर सांगते. मी ते ताईंच्या कानावर घातलं. त्यांनी हातातला कागद मिटला. मग म्हणाल्या, "हे मी हिशेबात धरत नाही, बाळारामभाऊ. पण खोडतही नाही."

ज्याला एकदा अग्नी दिला तो माणूस परत आला तर त्याचं पुन्हा बारसं करावं लागतं, अशी जुनी रीत आहे. त्याशिवाय गाव त्याच्या हातचं पाणी पीत नाही. म्हातारीनं ते केलं. ऋतुजाला न्यावं की नाही, असं सुरेखानं विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, न्या, तिनं त्याला मेलेला मानला नाही, तिचा मान पहिला. एवढ्या बाप्याला म्हाताऱ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पाळण्याखाली निजवलं, आणि कानात नाव सांगितलं ते लेकीनं. कुणी हसलं नाही. आंब्यावरचे कावळे तेवढे एकदम उडाले. त्यानंतर टाकीजवळ तिला कुणी दिसलं नाही. मी अजून दुपारचा तिथं गाडी थांबवत नाही, ते माझं मला.

सुरेखा नवऱ्याकडे परत गेली नाही. ताईंनीही तसं कधी सुचवलं नाही. पोटगी वेळेवर येते. मधे एकदा चुकली तेव्हा ताई आपले दुखरे गुडघे घेऊन त्याच्या दारात गेल्या, पाणी मागितलं, प्यायल्या आणि काही न बोलता परत आल्या. दुसऱ्या दिवशी पैसे जमा झाले. ऋतुजा आता कॉलेजात जाते. माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसेना तेव्हा ताईंनी आणून दिलेलं भिंग घेऊनच मी हे लिहितो आहे, आणि माझं शुद्धलेखन तपासायला तीच पोरगी शेजारी बसली आहे.

परवा दुपारी समारंभाचा हॉल बघायला मी आणि ती गेलो होतो. आत कुणी नव्हतं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, पंखे बंद. मंचावर ताईंचा मोठा फोटो उभा केला होता, आणि सजावटवाल्या पोरांनी हौसेनं त्याला झेंडूचा हार घालून ठेवला होता. मी दारातच थांबलो. ऋतुजा सरळ चालत गेली, खुर्चीवर चढली आणि हार काढून खाली ठेवला.

"आजोबा, हार तायंच्या गळ्यात घालायचा," ती म्हणाली. "फोटोला नाय."

त्याप्रमाणे होईल. समितीला मी तसं सांगून ठेवलं आहे.

ताई, थोर माणसांना शंभर वर्षं आयुष्य मागायची पद्धत आहे. ते मागणारे या ग्रंथात पुष्कळ आहेत. मी मिनिडोरवाला, मला घरातलंच मागता येतं. गुडघे दुखले तर शेक घ्या. उन्हात हिंडू नका. आणि पोशीरपासून पळसदरीपर्यंत ज्या ज्या घरात तुम्ही पाणी मागितलंत, त्या प्रत्येक घरात तुमच्या नावाचं ताट वाढून झाकून ठेवलेलं असू दे. तुम्ही पुढच्या घरी अडकलेल्या असाल, उशीर होईल. होऊ दे. आम्ही ते निवू देणार नाही.